पूर्ण टाकी आणि चार माणसे

चार आसनांच्या बहुतेक लहान विमानांत चार प्रौढ माणसे, त्यांचे सामान आणि काठोकाठ भरलेल्या इंधनाच्या टाक्या या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नेता येत नाहीत. चौथ्या माणसाला बसवायचे तर इंधन कमी घ्यावे लागते, आणि लांबचा पल्ला गाठण्यासाठी टाक्या भरायच्या तर एकाला धावपट्टीवर मागे राहावे लागते. हा एखाद्या विशिष्ट विमानाचा दोष नसून लहान विमानाच्या रचनेतच असलेली तडजोड आहे, आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाला कागद-पेन्सिल घेऊन ती नव्याने सोडवावी लागते. आसने ही जागेची सोय सांगतात. विमान किती ओझे पेलेल आणि ते ओझे कोठे ठेवलेले चालेल, हे त्यांच्या संख्येवरून ठरत नाही.

कर्नाटकाच्या ईशान्य कोपऱ्यातील बीदर आणि कलबुर्गी, म्हणजे मराठी माणसाच्या बोलण्यातले गुलबर्गा, या दोन जिल्ह्यांत हा विषय केवळ पुस्तकी राहिलेला नाही. भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील मराठी घरांना विमानाचा आवाज जुन्या ओळखीचा आहे, कारण बीदर येथे भारतीय हवाई दलाचे वैमानिक-प्रशिक्षण केंद्र अनेक दशकांपासून चालते, ‘सूर्यकिरण’ हे हवाई कसरतींचे पथक १९९६ मध्ये तेथेच उभे राहिले, आणि २००८ पासून हॉक जातीची प्रशिक्षण विमाने त्या तळावर आली. नागरी विमानसेवा मात्र अलीकडची आहे: कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सुरू झाला आणि बीदरहून बंगळूरला जाणारे प्रवासी विमान ७ फेब्रुवारी २०२० रोजी प्रथम उडाले. त्यानंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये उड्डाण-प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव आणि जळगावच्या बरोबरीने कलबुर्गीचाही समावेश होता. या पट्ट्यातील एखादा तरुण वैमानिक होण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याला शिकाव्या लागणाऱ्या पहिल्या काही गोष्टींत इंधनाचा आणि भाराचा हा हिशेब असतो.

या हिशेबात दोन अटी आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत. पहिली अट एकूण वजनाची. प्रत्येक विमानाच्या माहितीपुस्तिकेत उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन दिलेले असते आणि त्यात रिकामे विमान, माणसे, सामान व इंधन असे सर्व काही धरलेले असते. जगभरच्या प्रशिक्षणसंस्थांत वापरले जाणारे सेसना १७२ एस हे विमान घेतले, तर त्याची मर्यादा १,१५७ किलोची आहे. उपकरणांसह रिकामे विमान साधारण ७६० किलो भरते असे धरले, तर माणसे, सामान आणि इंधन मिळून ३९७ किलो उरतात. त्याच्या दोन पंखांतील टाक्यांत वापरता येण्याजोगे इंधन सुमारे २०० लिटर मावते, आणि पिस्टन इंजिनाचे विमान-पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, लिटरला ०.७२ किलो या हिशेबाने जवळजवळ १४४ किलो भरते. बाकी राहिलेल्या २५३ किलोंत पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोची तीन माणसे आणि थोडे सामान बसते. चौथे माणूस बसत नाही. टाक्यांच्या तळाशी जे थोडे इंधन इंजिनापर्यंत पोहोचूच शकत नाही, ते रिकाम्या विमानाच्या वजनातच धरलेले असते, म्हणून ते या हिशेबात पुन्हा येत नाही.

दोन आसनांच्या सेसना १५२ मध्ये तर हिशेब आणखी काटेकोर होतो. त्याची मर्यादा ७५७ किलो; विमानाचे रिकामे वजन ५१० किलो धरले आणि वापरण्याजोगे ९३ लिटर इंधन पूर्ण भरले, तर इंधनाचे ६७ किलो वजा जाता बरोबर १८० किलो उरतात. शिकवणारा आणि शिकणारा दोघेही नव्वद किलोचे असतील, तर नकाशांची पिशवीसुद्धा त्या विमानात जादा ठरते. येथे एक व्यावहारिक पेच उभा राहतो. अर्धवट रिकाम्या टाकीतील हवेतली आर्द्रता रात्रीच्या गारठ्यात पाणी होऊन इंधनात उतरते, म्हणून संध्याकाळी टाक्या भरून ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती चुकीची नाही. परंतु सकाळी त्याच विमानात दोन धिप्पाड माणसे बसणार असतील, तर आदल्या संध्याकाळची दक्षता सकाळी मर्यादाभंग ठरते. टाकीत भरलेले इंधन पुन्हा काढणे हे वेळखाऊ आणि नको वाटणारे काम असल्यामुळे ‘इतक्याने काय होते’ असे म्हणण्याचा मोह तेव्हाच सर्वांत जास्त असतो. उद्या कोण उडणार आहे हे विचारल्याशिवाय टाकी भरू नये, हा साधा शिरस्ता या पेचावर सर्वांत खात्रीचा उपाय दिसतो.

दुसरी अट भाराच्या जागेची, आणि ती समजायला अधिक अवघड आहे. कलबुर्गी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीतून तुरीची पोती वाहणाऱ्या बैलगाडीत सारी पोती मागे रचली तर गाडी उलार होते, आणि सारी पुढे रचली तर भार जुवावरून बैलांच्या मानेवर येतो. पोती तेवढीच असतात, पण ती कोठे ठेवली यावर गाडी चालेल की नाही हे ठरते. विमानाच्या बाबतीत ज्या बिंदूवर सारे वजन एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूला गुरुत्वमध्य म्हणतात. विमानतळावरच्या बोलण्यात तो ‘सी. जी.’ असतो. तो पुढे आणि मागे ठरवून दिलेल्या दोन रेषांच्या आतच राहावा लागतो. सेसना १७२ एस मध्ये ही अंतरे इंजिनामागच्या अग्निरोधक भिंतीपासून मोजतात, आणि विमान कमाल वजनाला पोचलेले असताना गुरुत्वमध्य त्या भिंतीपासून १.०४ मीटर ते १.२० मीटर या टप्प्यातच असावा लागतो. म्हणजे सव्वाआठ मीटर लांबीच्या विमानात मुभा आहे ती जेमतेम सोळा सेंटिमीटरांची.

गुरुत्वमध्य या टप्प्याच्या पुढे सरकला, तर विमानाचे नाक जड होते. ते उचलून धरण्यासाठी शेपटीला खालच्या दिशेने अधिक जोर लावावा लागतो, पंखांवर त्या जोराचाही बोजा पडतो, आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग वाढतो. उतरताना शेवटच्या क्षणी नाक वर उचलण्यास सुकाणूची ताकद अपुरी पडून पुढचे चाक आधी जमिनीवर आदळण्याची भीती निर्माण होते. गुरुत्वमध्य मागे गेला, तर होणारे नुकसान अधिक घातक असते, कारण सुरुवातीला ते सुखद वाटते. सुकाणू हलके लागते आणि विमान चटकन प्रतिसाद देते. पण आपणहून सरळ होण्याची त्याची मूळ प्रवृत्ती क्षीण झालेली असते, आणि वेग फार घटून विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, तर त्यातून त्याला बाहेर काढणे कठीण, काही वेळा अशक्य, होऊन बसते.

या दोन अटी स्वतंत्र आहेत हे एका उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, सेसना १७२ एस मध्ये साठ किलोचा वैमानिक पुढे एकटाच बसला आहे, नव्वद-नव्वद किलोचे दोन प्रवासी गप्पा मारता याव्यात म्हणून मागच्या आसनांवर बसले आहेत, सामानाच्या कप्प्यात परवानगी असलेले पूर्ण ५४ किलो सामान आहे, आणि इंधन ६० किलो आहे. रिकाम्या विमानाचे ७६० किलो धरून एकूण वजन १,११४ किलो होते, म्हणजे मर्यादेच्या ४३ किलो आतच. आता प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणावयाचे असते. या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. पुढच्या आसनांचे अंतर ०.९४ मीटर, मागच्या आसनांचे १.८५, इंधनाचे १.२२, सामानाच्या कप्प्याचे २.४१ आणि रिकाम्या विमानाच्या गुरुत्वमध्याचे सुमारे १ मीटर घेतले, तर सर्व गुणाकारांची बेरीज १,३५३ च्या आसपास येते, आणि तिला एकूण वजनाने भागले की १.२१ मीटर हे उत्तर मिळते. मागची रेषा १.२० वर आहे. वजन निर्दोष असलेले हे विमान उडण्यास अयोग्य आहे. उपायही तितकाच सोपा आहे: मागच्या दोघांपैकी एकाला पुढच्या आसनावर बसवले, तर एक किलोही न उतरवता गुरुत्वमध्य १.१४ मीटरवर येतो. प्रवाशाला जागा बदलायला सांगणारा वैमानिक उद्धट नसतो. त्याने हा गुणाकार केलेला असतो.

इंधन हे या दोन्ही अटींना जोडते, कारण उड्डाणात ज्याचे वजन सतत घटत जाते असा तोच एक भार आहे. सेसना १७२ च्या टाक्या पंखांत, गुरुत्वमध्याच्या अगदी जवळ असल्यामुळे इंधन जळत जाताना तोल फारसा हलत नाही. सर्व विमाने इतकी सोशिक नसतात. बीचक्राफ्ट बोनांझा या विमानाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेला असल्याने इंधन संपत जाते तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि उड्डाणाच्या वेळी नियमात बसणारे विमान उतरण्याच्या वेळी नियमाबाहेर गेलेले असू शकते. म्हणून हा हिशेब दोनदा करतात, एकदा निघतानाच्या वजनाने आणि एकदा पोचतानाच्या वजनाने. डाव्या-उजव्या टाक्यांचाही प्रश्न असतो. काही विमानांत एका वेळी एकाच टाकीतून इंधन घेता येते, आणि ठरावीक वेळाने टाकी बदलायला वैमानिक विसरला, तर विमान एका बाजूला कलू लागते. दुसऱ्या टाकीत पुरेसे इंधन असतानाही इंजिन बंद पडण्याचे प्रसंग जगभर याच विसरभोळेपणातून ओढवलेले आहेत.

टाकी पूर्ण भरायची नाही, तर किती भरायची? कलबुर्गीहून लातूरला जाऊन परत येण्याचा सराव एखाद्या विद्यार्थ्याने आखला आहे असे समजावे. हवाई अंतर एका बाजूने सुमारे १३० किलोमीटर आहे, आणि सेसना १७२ ला जाऊन-येऊन साधारण एक तास पंचवीस मिनिटे लागतील. तासाला ३४ लिटर या दराने त्याला ४८ लिटर लागतात. इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जाणे आणि उंची गाठणे यांसाठी ६ लिटर, समोरच्या वाऱ्यासारख्या अनपेक्षित गोष्टींसाठी ५ लिटर, आणि परतल्यावर कलबुर्गीची धावपट्टी काही कारणाने बंद असेल तर सोलापूरपर्यंत जाता यावे म्हणून २० लिटर धरावे लागतात. याशिवाय ज्याला हात लावायचा नाही असा राखीव साठा असतो; आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे दिवसाच्या दृश्य उड्डाणात तो किमान ३० मिनिटांचा आणि रात्री ४५ मिनिटांचा असावा लागतो. दिवसाही ४५ मिनिटे धरण्याचा शहाणपणा केला, तर आणखी २६ लिटर. एकूण १०५ लिटर, म्हणजे ७६ किलो. टाक्या पूर्ण भरल्या असत्या तर याहून ६८ किलो जास्त, जवळजवळ एका माणसाइतके ओझे, काही कारण नसताना लातूरला नेऊन परत आणले गेले असते. उलट, जो वैमानिक ओझे वाचवण्यासाठी राखीव साठ्यातच काटछाट करतो, त्याने हिशेबाचा हेतूच गमावलेला असतो. इंधन कमी करायचे ते या बेरजेच्या वर असलेले, बेरजेतले नव्हे. बेरीज आणि माणसे दोन्ही मिळून मर्यादेत बसत नसतील, तर माणूस किंवा सामान उतरवावे, अथवा मध्ये उतरून इंधन घ्यावे, एवढेच मार्ग शिल्लक राहतात.

या भागात या हिशेबाला ऊन हा आणखी एक घटक येऊन मिळतो, आणि स्थानिक दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याचा जोर घटतो आणि इंजिनाला श्वास अपुरा पडतो. एखाद्या ठिकाणची हवा प्रमाणित वातावरणातील किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे, हे सांगणाऱ्या संख्येला घनता-उंची म्हणतात. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, पण मे महिन्याच्या दुपारी पारा ४२ अंशांवर असताना तेथील घनता-उंची दीड हजार मीटरच्या वर जाते. बीदरच्या पठारावर ४० अंशांना ती सतराशे मीटरच्या घरात असते. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी कलबुर्गीच्या सपाट माळावर उभे असलेले विमान महाबळेश्वराहूनही उंच ठिकाणी असल्यासारखे वागते. टर्बो नसलेल्या इंजिनाची सुमारे १५ टक्के शक्ती तेथेच जाते. ब्रिटिश नागरी विमान वाहतूक प्राधिकरण लहान विमानांच्या वैमानिकांना जे ठोकताळे देते, त्यांनुसार दर दहा अंश वाढीला आणि दर हजार फूट उंचीला उड्डाणासाठी लागणारे अंतर दहा-दहा टक्क्यांनी, तर वजन दहा टक्क्यांनी वाढल्यास ते अंतर वीस टक्क्यांनी वाढते. हे सर्व गुणत जातात, बेरजेने वाढत नाहीत. समुद्रकाठच्या थंड सकाळी जे विमान पाचशे मीटरांत पन्नास फुटांची उंची गाठते, त्याला कलबुर्गीच्या दुपारी त्याच वजनाने साडेसातशे मीटर लागतात.

कलबुर्गीची धावपट्टी तीन किलोमीटरांहून लांब असल्याने साडेसातशे मीटरांची कोणाला धास्ती वाटत नाही, आणि येथेच धोका आहे. लांब धावपट्टी विमानाला जमिनीवरून सोडवते. त्यानंतर वर चढण्याचा जो वेग एक-तृतीयांशाने घटलेला असतो, त्याला ती काही मदत करू शकत नाही. मोठ्या धावपट्टीवर सराव झालेला विद्यार्थी पुढे एखाद्या साखर कारखान्याच्या किंवा संस्थेच्या आखूड पट्टीवर जातो, तेव्हा त्याच्या सवयी बरोबर येतात. पुस्तिकेतील कमाल वजन हे विमानाच्या बांधणीची मर्यादा सांगते, त्या दुपारच्या हवेची नव्हे, ही गोष्ट या पठारावर शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगितली गेली पाहिजे. पहाटे उड्डाणे ठेवणे आणि दुपारी अर्ध्या टाकीवर जवळचे सराव करणे हे वेळापत्रकाचे प्रश्न वाटतात, पण मुळात ते वजनाचेच प्रश्न आहेत.

हिशेब कितीही नेटका असला तरी टाकीत प्रत्यक्षात किती इंधन आहे हे कळले नाही, तर तो वाया जातो. लहान विमानांतील इंधनदर्शक काट्यांवर जाणते वैमानिक विसंबत नाहीत. पंखाखालच्या तिरप्या आधारावर पाय देऊन वर चढायचे, टाकीचे झाकण उघडून खुणा केलेली पट्टी, म्हणजे डिपस्टिक, उभी आत सोडायची, ओल किती खुणेपर्यंत आली ते पाहायचे, आणि मग टाकीच्या तळाच्या झडपेतून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून ते उजेडासमोर धरायचे, हा प्रत्येक उड्डाणापूर्वीचा क्रम असतो. १०० एलएल जातीचे ॲव्हगॅस निळसर दिसते; तळाशी रंगहीन थेंब वेगळा दिसला तर ते पाणी असते, आणि निळेपणा नसून फिकट पिवळी झाक दिसली तर जेट विमानाचे इंधन चुकून भरले गेले असण्याची शंका घ्यावी लागते. हे ॲव्हगॅस पूर्वी भारताला आयात करावे लागे. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यातील देशी उत्पादन बाजारात आणले, आणि प्रशिक्षणसंस्थांच्या दृष्टीने ती मोठी सोय झाली.

एककांचा गोंधळ हा या कामातील जुना शत्रू आहे. भारतात इंधन लिटरमध्ये मिळते, अमेरिकी विमानाची पुस्तिका गॅलन आणि पौंडांत बोलते, आणि वजनपत्रक किलोमध्ये भरावे लागते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानात इंधनदर्शक बंद असताना हाताने हिशेब करण्यात आला, तेव्हा लिटरचे किलो करण्यासाठी ०.८ ऐवजी पौंडांचा १.७७ हा गुणक वापरला गेला. २२,३०० किलोंच्या जागी तेवढे पौंडच इंधन घेऊन निघालेल्या त्या विमानाची दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली, आणि वैमानिकांच्या असामान्य कौशल्यामुळे ते गिमली येथील जुन्या हवाई तळावर तरंगत उतरले; सर्व ६९ जण वाचले. विद्यार्थ्याच्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलेच पाहिजे, हा शिक्षकांचा आग्रह म्हणूनच क्षुल्लक नाही.

बीदरच्या प्रवाशांनी तोलाचा हा नियम कदाचित नकळत पाहिलेला असेल. सुरुवातीच्या काळात तेथे येणाऱ्या एटीआर ७२ जातीच्या विमानात प्रवासी मागच्या दाराने चढतात, आणि चढ-उतार चालू असताना मागे भार वाढून विमान शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो. अशा मोठ्या विमानांत प्रत्येक प्रवाशाला तोलण्याऐवजी सरासरी वजन धरतात. ही सोय किती जपून वापरावी लागते हे अमेरिकेतील शार्लट येथे ८ जानेवारी २००३ रोजी दिसून आले. एकोणीस प्रवाशांच्या बीच १९०० डी विमानाचे पत्रक कागदावर नियमात बसत होते, पण प्रत्यक्षात विमान जादा वजनाचे आणि मागे झुकलेले होते. त्यातच देखभालीत शेपटीच्या नियंत्रण-तारांची जुळणी चुकली होती, म्हणून नाक खाली करण्यासाठी लागणारी पूर्ण हालचाल वैमानिकांना मिळाली नाही. विमानातील सर्व २१ जण मरण पावले, आणि त्यानंतर अमेरिकी यंत्रणेने प्रवाशांची प्रमाणित वजने वाढवली. चार आसनांच्या विमानात तर सरासरीला काहीच अर्थ नसतो; तेथे प्रवाशाला त्याचे खरे वजन विचारावे लागते, आणि शंका असल्यास सामानासह काट्यावर उभे करावे लागते. संकोचाने पाच-सात किलो कमी सांगणाऱ्या तीन प्रवाशांमुळे वीस किलोंची चूक सहज होते.

या साऱ्या गुणाकारांचा पहिला आकडा रिकाम्या विमानाच्या वजनाचा असतो, आणि तो कायमचा नसतो. नवा रेडिओ बसवला, जुन्या रंगावर नवा रंग चढवला, आसनांचे आच्छादन बदलले की विमानाचे वजन आणि गुरुत्वमध्य दोन्ही थोडे सरकतात. प्रशिक्षणाची विमाने दशकानुदशके वापरात राहतात, त्यामुळे असे बदल साचत जातात. विमान पुन्हा तोलायचे तर ते बंदिस्त हँगरमध्ये, वारा नसताना, समतल उभे करून प्रत्येक चाकाखाली स्वतंत्र काटा ठेवतात, तिन्ही आकड्यांवरून एकूण वजन व गुरुत्वमध्य काढतात, आणि ते नव्या वजनपत्रकावर सहीनिशी नोंदवून त्याची प्रत विमानात ठेवतात. कलबुर्गीच्या उन्हात विमानाकडे निघालेल्या विद्यार्थ्याने डिपस्टिक हातात घेण्याआधी त्या पत्रकावरची तारीख आणि त्यानंतर विमानात झालेली कामे ताडून पाहावयाची असतात.